मोजणीत एक कमी

मी हात वर केला होता तो खिडकी बंद करा म्हणून सांगायला.

मार्चमधली संध्याकाळ. मुलीच्या शाळेत पालकसभा होती आणि जर्मन माणसाला कोंडलेली हवा सहन होत नाही म्हणून बाहेर तीन डिग्री असतानाही वर्गाची खिडकी सताड उघडी होती. वारा नेमका माझ्या मानेवर येत होता. वर्गशिक्षिका पुढे बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. माझं अर्धं लक्ष मानेकडे आणि अर्धं घड्याळाकडे, त्यामुळे आजूबाजूचे सगळे पालक एकदम आपापल्या बुटांकडे का बघायला लागले ते मला कळलं नाही. मी हात वर केला. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी माझं नाव कागदावर लिहून घेतलं, बाकीच्यांनी इथल्या पद्धतीप्रमाणे बोटांच्या पेरांनी टेबलं वाजवून माझं कौतुक केलं, आणि मग मला समजलं की नववीचा वर्ग छळछावणीच्या स्मारकाला जाणार आहे आणि त्यांच्या सोबतीला जाणारा पालक आता मी आहे. खिडकी शेवटपर्यंत उघडीच राहिली.

घरी आल्यावर बायको म्हणाली की तुला एकच काम सांगितलं होतं, गप्प बसून यायचं. एरवी पालकसभेला तीच जाते. त्या दिवशी तिची मीटिंग होती म्हणून मला पाठवलं होतं. मुलगी आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती अटी घेऊनच.

ती तीन वर्षांची असताना आम्ही इंगोलश्टाटला आलो. आता पंधराची आहे. मराठी तिला सगळं कळतं, पण आम्हाला उत्तर जर्मनमध्ये मिळतं. त्यामुळे आमच्या घरातली भांडणं दोन भाषांत चालतात आणि दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटतं. त्या दिवशी मात्र ती एकटीच बोलत होती. वर्गासमोर मी तिला चिमणे म्हणून हाक मारायची नाही. खरं तर हाकच मारायची नाही. मराठीत मोठ्याने बोलायचं नाही. फोन बंद ठेवायचा, कारण माझी रिंगटोन लाजिरवाणी आहे. बाईंना तिच्या गणिताच्या मार्कांबद्दल विचारायचं नाही. कोणालाही खायला द्यायचं नाही. आणि प्रत्येक वाक्याच्या आधी ‘आल्झो’, म्हणजे आपलं ‘तर मग’, म्हणायचं नाही, कारण जर्मन लोकसुद्धा इतकं म्हणत नाहीत.

“आल्झो,” मी म्हणालो, “बघतो.”

ती पुन्हा खोलीत गेली.

खरं सांगायचं तर मीही जरा चिंतेत पडलो होतो. ती जागा आमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. बारा वर्षांत भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी डोंगरावरचा तो पांढरा राजवाडा दाखवला, सरोवरं दाखवली, बिअरचे बगीचे दाखवले, मॉल दाखवले. तिथे एकदाही गेलो नव्हतो. पाहुण्यांपैकी कोणी विचारलंच तर मी म्हणायचो की हवा खराब आहे, पुढच्या वेळी बघू. दहावीला इतिहासाच्या पेपरात ‘टिपा लिहा, कोणत्याही दोन’ असा प्रश्न असायचा आणि त्यात छळछावण्यांवरची टीप मी ऑप्शनला टाकली होती. त्याऐवजी संयुक्त राष्ट्रांची केली. तिला पाठांतर कमी होतं.

तर एप्रिलमधल्या एका बुधवारी सकाळी मी स्टेशनवर हजर झालो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये बायकोने करून दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी. बायकोला अटींशी काही देणंघेणं नव्हतं. मी तीनदा फॉइल गुंडाळलं होतं, तरी रेल्वेच्या डब्यात शिरल्यावर पाचेक मिनिटांत पलीकडच्या सीटवरच्या आजोबांनी मान वर करून हवा हुंगली. माझी मुलगी चार रांगा सोडून बसली होती. तिने मागे न बघता जॅकेटची टोपी डोक्यावर ओढली.

बाईंनी मला एक कागद दिला. वर्गात चोवीस मुलं. त्यांतली पाच माझ्याकडे. दर अर्ध्या तासाने मोजायची आणि कागदावर खूण करायची, एवढंच माझं काम. माझी मुलगी माझ्या पाचांत नव्हती. तिने आठवडाभर आधी बाईंना भेटून तशी व्यवस्था केली होती, हे मला नंतर कळलं. माझ्या पाचांतली चार मुलं खिडकीतून बाहेर बघत होती. पाचवी एक उंच मुलगी होती, केसांची टोकं निळी केलेली. तिने माझ्याकडे, माझ्या सॅककडे आणि परत माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की तो वास कसला आहे. मी म्हणालो, लसूण आणि शेंगदाणे. ती म्हणाली, मस्त आहे. मला ती तिथेच आवडली.

म्युनिकच्या अलीकडच्या एका गावात आम्ही उतरलो. त्या गावाचं नाव सगळ्या जगाला एकाच कारणासाठी माहीत आहे, पण गाव म्हणून बघाल तर तिथे बेकरी आहे, दाताचा दवाखाना आहे, सायकली लावायला लोखंडी कठडे आहेत, आणि बसथांब्यावर एक बाई कुत्र्याला सांगत होती की आज पाऊस नाही. मला उगाच वाटत होतं की हवाच काहीतरी वेगळी असेल. ती इंगोलश्टाटसारखीच होती. बसमधून आम्ही दहा मिनिटांत पोचलो.

दारापाशी आमची वाट बघत एक वयस्क बाई उभ्या होत्या. पांढरे आखूड केस, हातात थर्मास, पायात भक्कम बूट. शाळांच्या वर्गांना त्याच सगळं दाखवतात. त्या हळू आणि स्पष्ट बोलत, त्यामुळे मला प्रत्येक शब्द कळत होता, आणि थोड्याच वेळात मला वाटायला लागलं की कमी कळलं असतं तर बरं झालं असतं.

लोखंडी फाटकावर तीच ती अक्षरं आहेत, काम माणसाला मुक्त करतं म्हणून सांगणारी. माझ्या मनात ऑफिसमधल्या आमच्या मॅनेजरबद्दल एक विनोद आला. तो मी गिळला. मला अशा वेळी विनोदच सुचतात. वडील गेले तेव्हाही भटजींच्या मोबाइलवर लागलेल्या गाण्याने मला हसू फुटलं होतं आणि काकांनी मला अंगणात नेऊन उभं केलं होतं. तेव्हापासून गंभीर जागी मला माझीच भीती वाटते.

फाटकातून आत गेलं की समोर नुसती रेती. भलं मोठं रिकामं मैदान, पायाखाली खडी करकरते, आणि त्या मोकळेपणाने माणूस आपोआप खांदे आत घेतो. मार्गदर्शक बाई सांगू लागल्या की इथे रोज सकाळ-संध्याकाळ कैद्यांची हजेरी व्हायची. रांगा करून उभं करायचे आणि मोजायचे. आकडा जुळला नाही तर जुळेपर्यंत सगळे उभे, मग थंडी असो की पाऊस, कोणी आजारी असो की कोणी जागीच कोसळलेला असो. कोसळलेलेही मोजायचे, आकडा पुरा हवा म्हणून.

नेमका त्याच वेळी अर्धा तास झाला होता. मी कागद काढला, पेन काढलं, पाच डोकी मोजली आणि खूण केली. मग माझं माझ्याच हातांकडे लक्ष गेलं. मी कागदाची घडी करून खिशात टाकली आणि ठरवलं की आता नुसतं डोळ्यांनी मोजायचं.

मग मार्गदर्शक बाईंनी मुलांना एक प्रश्न विचारला. तुमचा जन्म हे सगळं होऊन गेल्यावर कितीतरी वर्षांनी झाला. तुमचे आईबापही तेव्हा नव्हते. मग तुम्हाला इथे कशाला आणायचं? मुलं खडीकडे बघत राहिली, पालकसभेतल्या पालकांसारखीच. मग माझ्या मुलीने हात वर केला.

ती म्हणाली, “कारण हे आम्ही केलं.”

जर्मनमध्ये म्हणाली अर्थात. शब्द साधा होता. माझी पहिली प्रतिक्रिया अशी होती की हात वर करून दुरुस्ती करावी. बाई, हिच्या पणजोबांनी त्या काळात बार्शीजवळ शेंगा आणि ज्वारी सोडून दुसरं काही केलेलं नाही, ते सोलापूरच्या पलीकडे गेलेले नाहीत, साक्षीदार मिळतील. निळ्या केसांच्या मुलीलाही तसंच काहीसं वाटलं असावं. ती माझ्या मुलीला हळूच म्हणाली, तू कसली, तुम्ही तर भारतातले. माझ्या मुलीने खांदे उडवले. मार्गदर्शक बाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली आणि त्या पुढे चालायला लागल्या.

मुख्य इमारतीत आता संग्रहालय आहे. तिथे काचेखाली कागद आहेत. मी घाबरलो ते त्या कागदांना. दुसरं काय दिसेल याची मी मनाची तयारी करून आलो होतो. कागदांची केली नव्हती. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. छापील रकाने, सुबक अक्षर. आडनाव, नाव, जन्मगाव, व्यवसाय, धर्म, मुलं किती. खाली त्याच्याकडून काढून घेतलेल्या वस्तूंची यादी: टोपी एक, कंगवा एक, किल्ल्या. हे सगळे शब्द मला तोंडपाठ होते. इथल्या सरकारी कचेऱ्यांत मी हेच रकाने किती वेळा भरले आहेत, व्हिसाला, घराच्या नोंदणीला, मुलीच्या शाळेला. आणि अगदी ताजं म्हणजे दोन महिन्यांपूर्वी, आम्हा तिघांच्या नागरिकत्वाच्या अर्जावर. त्या कचेरीतली बाई चांगली होती, तिने माझी स्पेलिंगची चूक हसत सुधारून दिली होती. या कार्डांवरही कोणीतरी एका ठिकाणी चूक खोडून, त्यावर नीट अक्षरात बरोबर स्पेलिंग लिहिलं होतं. कार्ड भरणाऱ्याला नाव बरोबर लिहायची काळजी होती.

तिथून आम्ही बराकीत गेलो. जुन्या बराकी पाडून टाकल्या आहेत. दोन पुन्हा बांधल्या आहेत, कशा होत्या ते कळावं म्हणून. आत लाकडी फळ्यांचे तीन मजली बिछाने. इतके जवळजवळ की माणसाला कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारून बदलावी लागेल. बाईंनी सांगितलं की दोन मिनिटं कोणी बोलू नका, नुसतं बघा. चोवीस मुलं गप्प झाली. आणि त्या शांततेत माझं पोट वाजलं.

साधं वाजलं नाही. सकाळी सहाला चहा-बिस्किट घेऊन निघालेल्या माणसाचं पोट साडेअकराला जसं वाजतं तसं, लांब, वर चढत गेलेलं आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखं थांबलेलं. लाकडी खोलीत ते घुमलं. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, जर्मन सभ्यता म्हणून. फक्त निळ्या केसांच्या मुलीने बघितलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि नाकपुड्या फुललेल्या. मी दुसरीकडे बघायला हवं होतं. नाही बघितलं. तेवढ्यात पोट दुसऱ्यांदा वाजलं, आता छोटंसं, पहिल्याला उत्तर दिल्यासारखं, आणि तिच्या तोंडातून फुस्स करून हवा निघाली. मी खोकल्याचं नाटक केलं. ते मला कधीच जमलेलं नाही. आम्ही दोघं एकापाठोपाठ एक दाराबाहेर पळालो. जाता जाता मला माझ्या मुलीचा चेहरा दिसला. तो मी इथे लिहीत नाही.

बाहेर आम्ही भिंतीला टेकून हसलो, आवाज दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हसू संपलं आणि पाणी तसंच येत राहिलं, तिचं आणि माझंही. ती बाही डोळ्यांवर घासत म्हणाली की तिला आत हसायचं नव्हतं. मी म्हणालो, मलाही नव्हतं.

मागून मार्गदर्शक बाई आल्या. मला वाटलं, आता बोलणी खाणार. चाळिशी ओलांडल्यावर नववीच्या वर्गाबरोबर बोलणी खाणं म्हणजे मोठीच मजल होती. पण त्यांनी थर्मास उघडला आणि आम्हाला झाकणातून चहा दिला. म्हणाल्या की दर आठवड्याला इथे कोणी ना कोणी हसतं, बहुतेक त्याच खोलीत. त्यांना हसणाऱ्यांची काळजी वाटत नाही. काहीच न होणाऱ्यांची वाटते. मी माफी मागायला लागलो, पोटाचीही मागितली.

“भुकेची माफी इथे मागू नका,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं की अशा छावण्यांमधली उपाशी माणसं एकमेकांना जेवण सांगायची. आमच्याकडे सणाला काय करतात, आई कणीक कशी मळायची, किती लोणी घालायची. यावर भांडणंसुद्धा व्हायची, असं नाही, आधी कांदा परतायचा, म्हणून. आणि विनोदही करायचे. पहारेकऱ्यांवर, पातळ सूपवर, स्वतःवर. हे पुस्तकांत कमी येतं, कारण लोकांना वाटतं त्याने दुःख हलकं होईल. “तसं होत नाही,” त्या म्हणाल्या. “ही आपल्यासारखीच माणसं होती, एवढंच त्याने कळतं.”

निळ्या केसांची मुलगी आत परत गेली. मी बाईंना म्हणालो की पाच मिनिटं बाहेरच थांबतो.

पाच मिनिटांची किती झाली ते मला माहीत नाही. बराकींच्या पलीकडे पॉप्लरच्या उंच झाडांचा एक सरळ रस्ता आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाडलेल्या बराकींचे चौथरे, प्रत्येकावर आकडा. मी चालत राहिलो. प्रत्येक आकड्यापाशी थांबून मी एकेका घरचं जेवण आठवत होतो, म्हणजे जे मला माहीतच नव्हतं ते. मग आपोआप माझं स्वतःचं आठवायला लागलं. आई दशम्या दुधात मळायची. बायको पाण्यात मळते आणि ते मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही. रस्ता संपेपर्यंत मी असाच गेलो आणि परत आलो तेव्हा बराक रिकामी होती. संग्रहालयात बघितलं, तिथे दुसऱ्याच शाळेची मुलं. फोन बंद होता, आणि सुरू करावा हे सुचायला हवं होतं, पण मुलीला दिलेला शब्द एकदा पाळायला घेतला होता.

पुढचं मला नंतर सांगण्यात आलं. वर्ग झाडांपलीकडच्या, दहनभट्ट्या आहेत त्या भागाकडे गेला होता. तिथे शिरण्याआधी वर्गशिक्षिकांनी डोकी मोजली. चोवीस भरली. त्या समाधानाने पुढे निघाल्या तेव्हा माझी मुलगी म्हणाली की एक कमी आहे. बाईंनी पुन्हा मोजलं, पुन्हा चोवीस. मुलगी म्हणाली, माझे बाबा.

मी खडीच्या मैदानाच्या कडेला उभा होतो, कोणत्या बाजूला जावं ते न कळून. तेवढ्यात पॉप्लरच्या रस्त्यावरून हाक आली. “बाबा!” इतक्या मोठ्याने की दुसऱ्या शाळेच्या मुलांनी वळून बघितलं. ती पळत येत होती, जॅकेट उघडं, टोपी मागे उडालेली. जवळ आली तेव्हा तिचा चेहरा रागाने लाल होता, निदान मला तो राग वाटला.

“कुठे गेला होतास? मी किती शोधलं तुला,” ती म्हणाली. चक्क मराठीत. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्या मुलीने मला म्हटलेली ही पहिली अख्खी मराठी वाक्यं होती, आणि ऐकायला बरी वाटावीत अशी ती जागा नव्हती.

मी म्हणालो, इथेच होतो, चालत होतो. ती म्हणाली, “इथे हरवायचं नसतं.” मग तिलाच ते वाक्य विचित्र वाटलं असावं. आम्ही दोघं एका चौथऱ्याच्या कडेला उभे राहिलो. वर्ग अजून आत होता. ज्यांना आत जायचं नसेल त्यांनी बाहेर थांबलं तरी चालेल असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. तिला जायचं नव्हतं.

मग तिने विचारलं, आता परत जर्मनमध्ये, की मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत फरक काय. आजी फोनवर तिला नेहमी चूक काढून दाखवते आणि तिला तो फरक लक्षात राहत नाही. मी सांगितलं: ‘आम्ही’ म्हणजे ज्याच्याशी बोलतोय त्याला सोडून, ‘आपण’ म्हणजे त्यालाही धरून. जर्मनमध्ये दोन्हींना एकच शब्द. तिने विचार केला.

“मग मघाशी मी जे बोलले ते तुला सांगायचं तर ‘आम्ही’ होईल,” ती म्हणाली.

मला ते लागलं. का लागलं हे मला अजून नीट सांगता येत नाही, कारण तासाभरापूर्वी मीच आमच्या खानदानाचा बचाव करायला निघालो होतो. पण आता कोणी मला बाहेर ठेवतंय म्हटल्यावर मी भांडायला उठलो. म्हणालो की मीही इथलाच आहे. बारा वर्षं झाली. कचऱ्याचे चार डबे वेगळे ठेवतो. रविवारी ड्रिल मशीन लावत नाही. सिग्नल लाल असताना रिकामा रस्तासुद्धा ओलांडत नाही. नागरिकत्वाचा अर्ज भरलाय.

तिने विचारलं की अर्ज मी नक्की कशासाठी भरला.

खरं उत्तर असं होतं की विमानतळावरची रांग लहान होते. तेच मी दिलं. एरवी ती हसली असती.

“मग नुसती रांग नाही मिळत,” ती म्हणाली. “हेपण मिळतं.”

आमच्या दोघांच्याही खिशात अजून निळे भारतीय पासपोर्टच होते, आणि आमच्यातली एक जण मला दुसऱ्या देशात येण्याच्या अटी समजावून सांगत होती. मी वाद घालायला तोंड उघडलं. एकही विनोद सुचला नाही. शेवटी म्हणालो की विचार करून सांगतो, जसं काही ती नवीन फोन मागत होती. ती “बरं” म्हणाली. मग तिने माझ्या सॅकचा लोंबणारा पट्टा उचलून बकलात अडकवला आणि आम्ही झाडांकडे निघालो.

वर्गशिक्षिका रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे निळ्या केसांच्या मुलीला बोलावलं आणि सांगितलं की दिवसाच्या शेवटपर्यंत या गृहस्थांना मोजायची जबाबदारी तुझी. तिने ती फारच मनावर घेतली. मी स्वच्छतागृहात गेलो तर ती बाहेर उभी राहिली.

बाहेर पडल्यावर, स्मारकाची हद्द संपली तिथल्या बाकांवर सगळ्यांनी डबे उघडले. मीही उघडला. अटी आठवून मी सगळ्यांकडे पाठ करून खात होतो, पण चटणीला पाठ नसते. निळ्या केसांची मुलगी आली, तिच्यामागून आणखी तिघं. मी मुलीकडे बघितलं. तिने आकाशाकडे बघून हात झटकला; त्याचा अर्थ मी सोयीप्रमाणे लावला. दशम्या चार मिनिटांत संपल्या. एकाला तिखट लागून उचकी लागली आणि मार्गदर्शक बाईंच्या थर्मासमधला उरलेला चहा त्याच्यावर खर्च झाला.

परतीची गाडी वीस मिनिटं उशिरा येणार होती. प्लॅटफॉर्मवर सत्तरीच्या एक बाई ट्रॉलीची पिशवी आणि त्यात फुलांच्या दोन कुंड्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या मुलीला विचारलं की वर्ग कुठून आला, आणि उत्तर ऐकून मान डोलावली. मग न विचारताच सांगू लागल्या. चाळीस वर्षं त्या याच गावात राहतात, लग्न होऊन आल्या. सुट्टीवर परदेशी गेलं आणि कोणी गाव विचारलं की सांगितल्यावर समोरच्याचं बोलणंच थांबतं. सुरुवातीला त्या म्युनिकजवळची म्हणून सांगायच्या. मीही पुण्याजवळचा म्हणून सांगतो, बार्शी पुण्यापासून दोनशे किलोमीटर असून. ते मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या, पण म्हणाल्या की त्यांचं कारण जरा वेगळं होतं.

माझ्या मुलीने विचारलं की आता काय सांगता.

“आता गावाचं नाव सांगते आणि थांबते,” त्या म्हणाल्या. “समोरच्याला गप्प बसायचं असेल तर बसू देते.”

गाडी आली. वर्गशिक्षिकांनी चोवीस मोजली, निळ्या केसांच्या मुलीने मला मोजलं आणि दारं बंद झाली. पहिली दहा मिनिटं डबा शांत होता. मग कोणीतरी चिप्सची पिशवी फोडली, कोणाच्या तरी फोनवर गाणं लागलं आणि आवाज हळूहळू नेहमीसारखा झाला. वडीलधारा म्हणून त्यांना गप्प करावं असं क्षणभर वाटलं, पण ती मुलं पंधरा वर्षांची होती आणि जिवंत होती, आणि मला त्यांचा आवाज हवा होता. माझ्या पाचांनी पत्ते काढले आणि मला जागा करून दिली. नियम त्यांनी बवेरियन बोलीत सांगितले, म्हणजे मला अर्धेच कळले. तीन डाव हरलो. चौथ्याला मी एक पान मांडीखाली सरकवत होतो तेवढ्यात चार रांगा पलीकडून माझ्या मुलीने सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं जाहीर केलं की तिचे बाबा नेहमी फसवतात, घरीसुद्धा. मी पान परत टेबलावर ठेवलं. त्यांनी मला नवीन पानं वाटली आणि माझी मुलगी उठून माझ्या शेजारी येऊन बसली, माझी पानं बघायला.